दिवाळीच्या सुट्टीत नदी-तळ्याकाठी कुठं जावं? बेळगाव, हुक्केरी, गोकाक, खानापूरकडची ठिकाणं सुचवा

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. दिवाळीत पुण्याहून नणंद, तिचे यजमान आणि मुलं येणार आहेत. आपली नेहमीची अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. इकडं शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडं महाराष्ट्रात दिवाळीला. त्यामुळं सगळी पोरं एकत्र सापडतात ती भाऊबीजेच्या आसपासच्या मोजक्या दिवसांत. गेल्या खेपेला मॉल आणि सिनेमा झाला, यंदा मी ठरवलंय की घरातून बाहेर पडायचं आणि पाण्याकाठी जायचं. गोवा नको, तिकडं ते पुण्याहूनही जातात.

मुलं तिसरीपासून दहावीपर्यंतची आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार नकोत. मोठ्या दोघांना काहीतरी धाडसाचं हवंय. काठावर बसून डबा खाता येईल अशी जागा असली तर माझ्यासाठी सोन्याहून पिवळं. रोज संध्याकाळी घरी परत यायचंय.

तिसरं_गेट
आंबोली! त्यात विचारायचं काय? धबधब्याखाली भिजायचं, कणीस खायचं, परत यायचं.

चंदगडी_माती
भावा, आंबोली जून ते सप्टेंबरची. दिवाळीपर्यंत रस्त्याकडेचा धबधबा बारीक झालेला असतो. वहिनी, जाणारच असाल तर हिरण्यकेशीच्या उगमाकडं जा. गुहेतून पाणी येतं, सावली आहे, गर्दीही कमी. हीच नदी पुढं आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते हे मुलांना सांगा, म्हणजे नकाशा डोक्यात बसतो.

आमच्याकडं किटवाडच्या धबधब्याला बेळगावची सगळी तरुण पोरं येतात. तेही पावसाळ्यातलंच ठिकाण, आणि लहान मुलांना घेऊन मी ते सुचवणार नाही. कारण पुढं कुणीतरी लिहीलच.

घटप्रभाकाठ
वहिनी, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या भागात लोक फोटो बघून जागा ठरवतात. फोटो ऑगस्टमधला असतो आणि जाणं होतं डिसेंबरात, मग ‘काहीच नव्हतं तिथं’ म्हणत परत येतात. आपल्या नद्यांचं पाणी वर्षभर जागा बदलत असतं. पावसाळ्यात ते कड्यांवर असतं. पावसाळा सरला की धरणांत साठतं. थंडीत उथळ काठांवर पक्षी उतरतात. उन्हाळ्यात धरणाचा तळ उघडा पडतो आणि हिडकलच्या पाण्यातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बाहेर येतं. तेव्हा आधी महिना बघायचा, मग गाव ठरवायचं.

दिवाळीत काय असतं? धरणं भरलेली, आभाळ धुतलेलं, रान अजून हिरवं. म्हणून माझं मत असं की एक दिवस पूर्ण घटप्रभेला द्या, आणि नदी वरून खाली बघत चला.

सकाळी लवकर निघून आधी हिडकल. राजा लखमगौडा धरण असं त्याचं नाव, ५१ टीएमसीचा (अब्ज घनफूट) साठा. या सुमाराला पाणी काठोकाठ असतं. सासूबाईंना गाडीतून उतरून चार पावलांत पाणी दिसेल अशा जागा आहेत. नाश्ता इथंच करा. धरणाच्या भिंतीवर सोडत नाहीत, त्याचा आग्रह धरू नका. बॅकवॉटरकडच्या गावांच्या बाजूनं गेलात तर उसाच्या फडामधून वाट थेट पाण्याशी जाते. तिथं उभं राहिलं की पाण्यात उतरत गेलेला जुना डांबरी रस्ता दिसतो. गाव पाण्याखाली जाणं म्हणजे काय हे मुलांना त्या रस्त्यावरून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही. आमच्या आजोळची माणसं अशाच एका गावातून उठून वर आलेली आहेत, त्यामुळं मला हे मुलांना दाखवणं फार गरजेचं वाटतं.

तिथून खाली धुपदाळ. ब्रिटिश काळातला बंधारा आहे, याच्यावरून कालव्याला पाणी जातं. इथलं पक्ष्यांचं कुणी जाणकार सांगेल.

आणि मग दुपारनंतर गोकाक फॉल्स. कडा ५२ मीटरचा.

तिसरं_गेट
काका, खरं दिवाळीत गोकाकला पाणी किती असणार? पाणी नसलेला धबधबा दाखवायला पाहुण्यांना साठ किलोमीटर न्यायचं?

घटप्रभाकाठ
रास्त शंका आहे भावा. पाऊस उशिरापर्यंत लांबला तर चांगलं पाणी असतं, नाहीतर कड्याच्या एका अंगानं धारा पडत असतात. वर धरण, मधे बंधारा, कालवे. सगळ्यांची गरज भागून उरलेलं पाणी कड्यावरून पडतं.

खरं मला विचारशील तर गोकाक नीट बघायचा महिना हाच. ऑगस्टमध्ये तांबडं पाणी, तुषार आणि माणसांची डोकी, एवढंच दिसतं. पाणी ओसरलं की कडा दिसतो. आपल्या बेळगावपर्यंत काळा बसाल्ट आहे आणि इथं एकदम तांबूस वालुकाश्म सुरू होतो, थरावर थर रचलेला. नदीनं तो हजारो वर्षं कापून दरी केलीय. जवळ जाऊन दगडावर हात फिरवला तर वाळूचे कण बोटांना लागतात. काही थरांवर बारीक लाटा उठलेल्या दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ पाण्यातल्या वाळूवर उठलेल्या लाटा आहेत त्या, तशाच्या तशा गोठलेल्या. दहावीतल्या पोराला हे दाखवा, भूगोलाचा तास होऊन जाईल.

नदीवर झुलता पूल आहे, सुमारे दोनशे मीटर लांबीचा. चालताना हलतो, पोरांना मजा येते. दुरुस्तीसाठी किंवा पुराच्या वेळी बंद ठेवतात, तेव्हा तिथं पोहोचल्यावर विचारून पुढं जा. काठावर चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं देऊळ आहे, सासूबाई तिथं सावलीत निवांत बसतील. शेजारी एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली सूतगिरणी. या पाण्याच्या जोरावर तिची चाकं फिरायची.

परतीच्या वाटेवर गोकाक गावातून करदंट घेतल्याशिवाय निघू नका. डिंक, खोबरं, सुकामेवा आणि गूळ. पुण्याला न्यायला बेळगावच्या कुंद्यापेक्षा हे बरं, जास्त दिवस टिकतं.

शहापूरची_सून
काका, किती छान सांगितलंत! हा दिवस पक्का. गोडचिनमलकीचं नाव पण बरंच ऐकलंय, ते त्याच दिवशी होईल का?

घटप्रभाकाठ
ते मार्कंडेय नदीवर आहे, गोकाकपासून पंधराएक किलोमीटर. पाणी दोन टप्प्यांत पडतं, रान सुंदर आहे. एकाच दिवशी कोंबू नका, वहिनी. पोरं कंटाळतात आणि डबा गाडीतच खावा लागतो. ते पुढच्या जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवा.

पक्षीवेडा_बेळगाव
धुपदाळचं मी सांगतो. घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणतात ते हेच, १९७४ साली जाहीर झालं. बंधाऱ्यामुळं पाणी पसरून उथळ झालंय, मधे बेटं आहेत, झाडी आहे. थंडीत इथं कांड्या करकोचे उतरतात, युरोपातून येणारे श्वेत बलाकही दिसतात. दिवाळी म्हणजे पाहुण्यांची नुकती सुरुवात, खरा बहर डिसेंबर-जानेवारीत. तरी पाणकावळे, खंड्या, बगळे, नदीसुरय यांना तोटा नाही.

मुलांना घेऊन पक्षी बघायचे तर सकाळी दहाच्या आत. हिडकल आधी आणि धुपदाळ मागून केलंत तर ऊन चढेल आणि पक्षी झाडीत जातील. त्यामुळं काकांच्या क्रमात मी बदल सुचवतो. पहाटे निघा, पहिलं धुपदाळ, मग मागं हिडकलला जेवण, दुपारनंतर गोकाक. थोडं उलटसुलट फिरावं लागेल खरं, पण पक्षी बघितल्याचं समाधान मिळेल.

पोरांना फक्त एवढं करायला सांगा. प्रत्येकानं एकच पक्षी निवडायचा आणि त्याच्याकडंच बघत राहायचं. खंड्या घ्या. तारेवर बसतो, मान खाली करून पाणी निरखतो, एकदम सूर मारतो, मासा चोचीत धरून परत तारेवर येतो, मग मासा तारेवर दोन-तीनदा आपटतो आणि डोक्याकडून गिळतो. डोक्याकडून का? शेपटीकडून गिळला तर माशाचे पर आणि खवले घशात उलटे अडकतील. आमच्या मुलीनं हे बघितलं तेव्हापासून तिला पक्ष्यांची यादी पाठ करायला सांगावं लागलेलं नाही.

लाल-पिवळे कपडे नकोत, स्पीकर तर नकोच नको.

घटप्रभाकाठ
मान्य. पक्ष्यांसाठी क्रम बदलायला माझी हरकत नाही.

खानापुरी_मुलगा
सगळे घटप्रभेवरच अडकलाय की! वहिनी, एक दिवस मलप्रभेला द्या.

बेळगावहून जांबोटीवरून कणकुंबीला जायचं. माऊलीचं देऊळ, आणि तिथंच मलप्रभेचा उगम. कुंडाएवढ्या पाण्यातनं नदी सुरू होते. हीच नदी सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला अडवलीय, ३७ टीएमसीच्या वर साठा, आणि तीनशे किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. कणकुंबीचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला रान. हवा एवढी गार की पुणेकरांना स्वेटर लागेल.

तिथून उतरून खानापूर, मग असोगा. मलप्रभेच्या वळणावर रामलिंगेश्वराचं देऊळ, झाडांची दाट सावली, सपाट खडक. तुम्हाला डबा खायची जागा हवी ना, ती हीच. आम्ही तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी आणि कांदा घेऊन जातो. शाकाहारी असाल तर झुणका, शेंगाची चटणी. दुपारी वेळ राहिला तर हलशी करा, कदंबांची जुनी राजधानी, भूवराह नरसिंहाचं देऊळ. वाटेत नंदगडला संगोळी रायण्णाची समाधी आहे, तिथं दोन मिनिटं थांबाच.

वज्रपोहा धबधब्याच्या रील बघून कुणी चला म्हटलं तर नाही म्हणा. तो म्हादई नदीवर, आत जंगलात आहे. भीमगड अभयारण्य परिसरात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि पावसाळ्यात धबधब्यांना बंदी असते. अस्वलं आहेत तिथं. आमच्या गावाकडच्या माणसांना अस्वलानं जखमी केलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

शहापूरची_सून
असोगा ठरलं. भाकरी मीच करते. आता मोठ्या दोघांच्या धाडसाचं सांगा ना कुणीतरी.

खानापुरी_मुलगा
काळी नदी! रामनगरवरून गणेशगुडी. जोयडा तालुका, उत्तर कन्नड (कारवार) जिल्हा. वर सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच. त्याच्या वीजघरातून पाणी सोडतात त्यावर राफ्टिंग चालतं, म्हणून पावसाळा संपला तरी नदीला जोर असतो. पावसाळा सरला की सुरू होतं ते उन्हाळ्यापर्यंत. पाणी कधी सोडणार त्यावर वेळ ठरते, त्यामुळं आदल्या दिवशी फोन करून विचारायचंच. लांब पल्ल्याला लहान मुलांना घेत नाहीत, त्यांच्यासाठी संथ पाण्यातली छोटी फेरी असते. दोघं मोठे राफ्टवर जातील, बाकीचे काठावर.

दिवाळीच्या आठवड्यात दर चढतात आणि गर्दी होते. लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळून देत नसतील, हेल्मेट फुटकं देत असतील तर पैसे सोडून द्या आणि परत फिरा.

निवृत्त_बाई_खानापूर
मी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. सगळं वाचलं, फार बरं वाटलं. मला पाण्याबद्दल थोडं लिहायचंय, कारण कुणी ना कुणी पोर दरवर्षी जातंच.

२०२२ च्या नोव्हेंबरात किटवाडला बेळगावच्या चार मुली बुडाल्या. पावसाळा संपलेला होता, धबधब्याचा जोरही उतरलेला होता. लोकांना वाटतं की पूर असेल तेव्हाच धोका. धबधब्याखालचा डोह पाणी कमी झालं तरी तेवढाच खोल राहतो, आणि काठचा खडक शेवाळानं निसरडा असतो. एक घसरली की दुसरी हात द्यायला जाते. म्हणून मुलांना आधी सांगून ठेवा की कुणी पडलं तर पाण्यात उडी घ्यायची नाही. ओढणी, दोरी, काठी, रिकामा पाण्याचा कॅन, जे हाताशी असेल ते फेकायचं आणि मोठ्यांना हाक मारायची.

दुसरं, आपल्याकडचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. दिसायला किती निरुपद्रवी! गुडघाभर उंचीवरून पाणी पडतंय, खाली पांढरा फेस. तो फेसच धोक्याचा. वरून पडणारं पाणी तळाला जाऊन उलटं फिरतं आणि बंधाऱ्याच्या भिंतीकडं ओढतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, परत ओढला जातो, परत वर येतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळं अंगही नीट तरंगत नाही. पट्टीचा पोहणारा तिथं दमून जातो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पोहायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना, मोठ्यांनाही.

तिसरं, धरणाच्या खाली नदीपात्रात बसला असाल आणि भोंगा वाजला, किंवा पाणी अचानक गढूळ होऊन काटक्या-पाचोळा वाहायला लागला, तर डबा तिथंच टाकून वर चढायचं. घाटात वर पाऊस झालेला असतो आणि आपल्या डोक्यावर ऊन असतं.

आमच्या वेळी मे महिन्यात पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवायचे. वर कासऱ्याचं टोक धरून काका बसलेला असायचा. हल्ली विहिरी तशा राहिल्या नाहीत, तरी पोरांना कुठंतरी पोहायला शिकवाच.

तिसरं_गेट
बाई, हे वाचून मी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. फेसाचं मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही तिथंच मसाज म्हणून बसायचो.

निवृत्त_बाई_खानापूर
टाकलंस ते चांगलं केलंस बाळा. आता बसू नका तिथं.

निपाणीकर
चिकोडीकडची बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून थोडक्यात. ज्यांना धबधबा-जंगल नको, मोठी शांत नदी हवी, त्यांनी कृष्णेवर यावं. येडूरला वीरभद्राचं देऊळ, खाली घाट. कल्लोळ-येडूरचा बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातो, दिवाळीत रस्ता मोकळा असतो. नदी ओलांडून महाराष्ट्रात गेलात तर खिद्रापूरचं कोपेश्वर. तिथल्या स्वर्गमंडपात मधे उघडं आभाळ दिसतं. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगेचा संगम आणि बासुंदी. सासूबाईंना हा दिवस सगळ्यात सोपा जाईल, सगळीकडं गाडी जवळ जाते.

हमरस्त्यानं पुणेकर आमच्या दारावरूनच येतात. येतानाच येडूर करून या म्हणावं.

चंदगडी_माती
हे उत्तम सुचवलंत अण्णा. येता-जाताचं ठिकाण वेगळा दिवस खात नाही.

आणखी एक सांगतो, दिवाळीचं नाही, पुढच्या जूनचं. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून मासे उलटे शेतात चढतात, चढणीचे मासे. आमच्याकडं बत्ती घेऊन सगळं गाव जातं. शहरातली पाहुणेमंडळी आता व्हिडिओसाठी येतात आणि पोतंभर मासे मारून नेतात. ते मासे अंडी घालायला आलेले असतात, पोट फुगलेलं दिसतं. बघायला जरूर या, मुलांना दाखवा, खायला चार घ्या. पोती भरू नका. ओढा रिकामा झाला तर पुढच्या वर्षी आमच्या पोरांना काय?

पक्षीवेडा_बेळगाव
याला माझा शंभर टक्के पाठिंबा.

कॅम्पातली_मावशी
बसचं विचारू का? आमच्याकडं गाडी नाही. शक्ती योजनेत बायकांना फुकट प्रवास आहे ना, तेव्हा आम्ही भिशीच्या मैत्रिणी गोकाकला जायचं म्हणतोय.

घटप्रभाकाठ
होय मावशी, जून २०२३ पासून आहे. साध्या आणि एक्स्प्रेस गाडीला चालतं, आधार कार्ड जवळ ठेवा. कर्नाटकात राहणाऱ्यांनाच आहे, त्यामुळं वहिनींच्या नणंदेला तिकीट काढावं लागेल. आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत ती सवलत धरत नाहीत. गोकाकला भरपूर बस आहेत, पुढं फॉल्सला लोकल गाडी नाहीतर रिक्षा. मिरजेकडची रेल्वे आवडत असेल तर फॉल्सला गोकाक रोड स्टेशन आणि पक्ष्यांसाठी घटप्रभा स्टेशन जवळ. पाच्छापूरनंतर खिडकीजवळची जागा धरा.

भिशीचा दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास ठेवू नका. सौंदत्तीच्या यल्लम्माची गर्दी असते, त्या बाजूच्या गाड्या खच्चून भरतात.

कॅम्पातली_मावशी
बरं झालं सांगितलंत. आम्ही नेमकी तीच पौर्णिमा बघत होतो.

शहापूरची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. ठरलं ते असं: पुण्याहून येताना ते येडूर आणि खिद्रापूर करून येतील. एक दिवस धुपदाळ, हिडकल, गोकाक, पक्षीवेडांच्या क्रमानं. मधे एक दिवस घरी, फराळ आणि भाऊबीज. मग कणकुंबी आणि असोगा. गणेशगुडीला फक्त यजमान आणि दोघी मोठ्या जातील. हो, धाडस हवंय त्या दोन्ही मुलीच आहेत. मी धाकट्यांना घेऊन घरी.

बाईंचे तीन नियम मोठ्या मुलीनं कागदावर लिहून गाडीत चिकटवलेत. दोरी आणि रिकामा कॅन डिकीत ठेवलाय.

पक्षीवेडा, एक दुर्बीण मिळेल का उसनी?

पक्षीवेडा_बेळगाव
दोन आहेत, दोन्ही घेऊन जा. आठ बाय बेचाळीसची मोठ्यांना, लहान आहे ती धाकट्यांच्या गळ्यात. धनत्रयोदशीच्या आत संध्याकाळी सहानंतर गोवावेसला दुकानात या. काचा रुमालानं पुसू नका, सोबत कापड देतो.

निवृत्त_बाई_खानापूर
असोग्याला याल त्या दिवशी आदल्या रात्री इथं लिहा. मी खानापुरात आहे, सासूबाईंना भेटायला काठावर येईन. भाकरी जास्तीची आणा.